राल्लारवेगनवर सायकल चालवायची आहे: नागपुरात राहून तयारी कशी करावी?

अंबाझरी_प्रभात

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी नोकरीनिमित्त ऑस्लोला राहते आणि पुढच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे जाणार आहे. नॉर्वेच्या डोंगरी पठारावरून निघून थेट फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीच्या, काठावर उतरणाऱ्या राल्लारवेगन या जुन्या रस्त्यावर आम्ही दोघींनी सायकल चालवावी, अशी फार दिवसांची इच्छा आहे. माझे वय ५३ आहे. अंबाझरी, फुटाळा आणि सेमिनरी हिल्स या भागांत मी नियमित सायकल चालवते, आणि हिवाळ्यात आमच्या गटाबरोबर रामटेकला जाऊन त्याच दिवशी परत येते, त्यामुळे अंतराची मला भीती वाटत नाही. मात्र डोंगरातील कच्च्या रस्त्यावर सायकल चालवण्याचा अनुभव जवळजवळ नाही.

पर्यटनाच्या माहितीत हा मार्ग "बहुतांशी उताराचा" असल्याचे लिहिलेले असते, म्हणून मुलगी म्हणते की एका दिवसात सहज होईल. मला तेवढी खात्री वाटत नाही. हा मार्ग एका दिवसात करावा की दोन, कोणता महिना निवडावा, इथून सायकल न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी, आणि मुख्य म्हणजे नागपूरसारख्या सपाट आणि उष्ण शहरात राहून या मार्गाची तयारी कशाची आणि कशी करावी, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

सातपुडा_चढण

ताई, नमस्कार. हा मार्ग मी ऑगस्टमध्ये केला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

"बहुतांशी उतार" हे म्हणणे आकड्यांपुरते खरे आहे, पण तयारीच्या दृष्टीने ते दिशाभूल करणारे आहे. सुरुवातीचे हाउगास्टोल स्थानक समुद्रसपाटीपासून सुमारे ९९० मीटर उंचीवर आहे. तिथून २७ किलोमीटरवर १२२२ मीटर उंचीचे फिन्से येते, जे नॉर्वेच्या रेल्वेजाळ्यातील सर्वांत उंच स्थानक आहे. फिन्सेच्या पुढेही रस्ता हळूहळू चढत राहतो आणि फागरवात्न तळ्याजवळ १३४३ मीटरची सर्वोच्च उंची गाठतो. त्यानंतर हालिंग्सकाइडवरून मिरडालकडे, म्हणजे सुमारे ८६७ मीटरपर्यंत, आणि मिरडालहून फ्लोमच्या दरीत अगदी समुद्राच्या पातळीपर्यंत उतरावे लागते. एकूण अंतर साधारण ८० किलोमीटर भरते. याचा अर्थ असा की मार्गाचा पहिला अर्धा भाग चढाचा आहे, तोही उघड्यावरचा, आणि बहुधा पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर. जो उतार आहे तो शेवटी, तुमचे हात आणि खांदे थकलेले असताना येतो.

आता उंचीविषयी. १३४३ मीटर म्हणजे जवळजवळ महाबळेश्वरची उंची झाली, आणि आपल्या चिखलदऱ्याहून ती सव्वादोनशे मीटरच अधिक आहे. हवा विरळ असल्यामुळे दम लागेल, ही काळजी पूर्णपणे सोडून द्यावी. खरा फरक अक्षांशाचा आहे. नागपूर २१ अंशांवर, तर फिन्से ६० अंशांच्याही पुढे आहे. तिथे साधारण हजार मीटरच्या आसपास झाडी संपते आणि त्यानंतर खडक, शेवाळ, खुरटी झुडुपे, तळी आणि बर्फाचे पट्टे एवढेच उरते. फिन्सेच्या दक्षिणेला हार्डांगरयोकुलेन ही हिमनदी अगदी समोर दिसते. जुलैतही फिन्सेचे सरासरी तापमान दहा अंशांच्या खाली असते. सकाळी ऊन, दुपारी धुके आणि संध्याकाळी बोचरा पाऊस, असे सर्व काही एकाच दिवसात अनुभवास येऊ शकते, आणि त्या वेळी आडोशाला एक झाड नसते. मे महिन्याच्या ४५ अंशांत सायकल चालवणाऱ्या नागपूरकराला उष्णतेशी कसे वागावे हे नेमके कळते, परंतु ओल्या कपड्यांत वारा लागला म्हणजे शरीर किती लवकर गारठते आणि ब्रेक दाबणारी बोटे कशी बधिर होतात, याचा त्याला अंदाज नसतो. माझ्या मते तुमच्या तयारीचा मोठा भाग या एका गोष्टीसाठी असावा.

म्हणून दोन दिवस घ्यावेत आणि फिन्सेला मुक्काम करावा, असा माझा आग्रह आहे. पहिल्या दिवशी हाउगास्टोल ते फिन्से २७ किलोमीटर निवांतपणे होतात, दुसऱ्या दिवशी उरलेले अंतर सकाळी लवकर निघून पूर्ण करता येते. फिन्सेला मोटारीचा रस्ताच पोहोचत नाही. तिथे रेल्वेने, पायी, सायकलने किंवा हिवाळ्यात स्कीवर जाता येते. गावात हॉटेल आहे आणि नॉर्वेच्या ट्रेकिंग संघटनेचे, म्हणजे १८६८ साली स्थापन झालेल्या डेन नॉर्स्के तुरिस्तफोरेनिंगचे, मोठे निवासही आहे. दोन्ही ठिकाणी हंगामात जागा लवकर भरतात. एका दिवसात हा मार्ग करणारे पुष्कळ आहेत, पण त्यांना गाडीची वेळ गाठायची असल्यामुळे फागरवात्नच्या परिसरात, म्हणजे या मार्गाच्या सर्वांत सुंदर भागात, थांबायला सवड मिळत नाही. ज्या पठारासाठी एवढ्या दुरून जायचे ते घड्याळाकडे पाहत ओलांडणे मला पटत नाही.

नागपुरातल्या तयारीसाठी तीन गोष्टी सुचवतो. पहिली गोष्ट म्हणजे पावसाळ्यात सायकल बंद करू नये. जुलै-ऑगस्टमध्ये मुद्दाम पावसात, पूर्ण रेनकोट आणि हातमोजे घालून, तीन-चार तासांची फेरी करावी आणि कोणता कपडा आतून ओला होतो ते पाहून घ्यावे. सुती कपडे तिथे अजिबात चालत नाहीत, कारण ते वाळत नाहीत. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर उबदार थर आणि सर्वांत वर वारा व पाऊस दोन्ही अडवणारे जाकीट असावे. दुसरी गोष्ट मुरमाच्या रस्त्यांची सवय. हिंगणा आणि काटोल रस्त्यांच्या आतल्या भागांत शेतांकडे आणि तलावांकडे जाणारे जे कच्चे रस्ते आहेत, त्यांवर सुट्या खडीत वळणे घेण्याचा आणि वेग नियंत्रणात ठेवण्याचा सराव करावा. तिसरी गोष्ट परतवाडा ते चिखलदरा घाट. चढणे हा त्यातला कमी महत्त्वाचा भाग आहे, उतरण्याचा सराव अधिक मोलाचा. हा भाग मेळघाटच्या जंगलाला लागून असल्यामुळे दिवसाउजेडी आणि सार्वजनिक डांबरी रस्त्यावरूनच जावे, आडवाटेला शिरू नये.

सायकल इथून नेऊ नये. हाउगास्टोल आणि फिन्से येथे सायकली भाड्याने मिळतात आणि त्या फ्लोमला परत देता येतात, त्यामुळे परतीच्या गाडीत सायकलसाठी जागा शोधण्याचा त्रास वाचतो. रुंद टायरची माउंटन सायकल मागावी. बारीक टायरची रेसिंग सायकल या रस्त्यावर निरुपयोगी आहे.

अजनी_रेल्वे_निवृत्त

वरील माहिती उपयुक्त आहे. मी सायकलस्वार नाही, परंतु रेल्वेच्या बांधकाम विभागात नोकरी केली असल्यामुळे या रस्त्याविषयी मला फार आस्था आहे, आणि तिथे जाणाऱ्याने तो रस्ता कशासाठी बांधला गेला हे समजून जावे, असे मनापासून वाटते.

राल्लारवेगन हा पर्यटकांसाठी आखलेला रस्ता नाही. ऑस्लो आणि बर्गन यांना जोडणारी रेल्वे डोंगरावरून नेण्याचा निर्णय नॉर्वेच्या संसदेने १८९४ साली घेतला. त्याआधी १८८३ मध्ये बर्गन ते वॉस हा पश्चिमेकडचा तुकडा सुरू झाला होता, आणि तो नॅरोगेज होता, पुढे त्याचे रुंदीकरण झाले. वॉसच्या पूर्वेला मात्र जे पठार होते तिथे लोखंड, सिमेंट, सुरुंगाची दारू आणि माणसांचे अन्न पोहोचवायला वाटच नव्हती. म्हणून रूळ टाकण्याआधी सामान वाहण्यासाठी रस्ता बांधावा लागला, आणि तोच हा रस्ता. राल्लार हे या बांधकामावरच्या मजुरांचे नाव होते. घोडागाड्यांनी माल वर चढत असे, त्यामुळे घोड्याला ओढता येईल इतपतच चढ ठेवणे भाग होते. ताई, तुम्हाला हाउगास्टोलपासून फागरवात्नपर्यंतचा चढ सौम्य लागेल, त्याचे कारण हेच आहे.

या मजुरांपुढची अडचण केवळ खडकाची नव्हती. वर्षातला मोठा काळ पठारावर बर्फ असे आणि उघड्यावरच्या कामाला उन्हाळ्याचे मोजके आठवडे मिळत, पण बोगद्यांच्या आत हिवाळ्यातही काम चालू राहत असे. मिरडालजवळचा ग्रावहाल्स बोगदा ५.३ किलोमीटर लांबीचा आहे आणि तो त्या काळात उत्तर युरोपातला सर्वांत लांब बोगदा होता. संपूर्ण मार्गाचे उद्घाटन राजा सातवे हाकोन यांच्या हस्ते नोव्हेंबर १९०९ मध्ये झाले. मार्ग बांधून झाला तरी बर्फाशी झगडा संपला नाही. रुळांवर हिम साचू नये म्हणून लाकडी छपरे आणि कुंपणे उभारावी लागली, बर्फ फेकणारी चक्री यंत्रे ठेवावी लागली आणि रुळांची राखण करणाऱ्या कुटुंबांना निर्जन पठारावर घरे बांधून द्यावी लागली. फागरनूटचे असे एक घर आजही रस्त्याला लागून उभे आहे. हालिंग्सकाइड स्थानक तर आजही बर्फरोधक छपराच्या आत आहे. फिन्सेच्या पश्चिमेला १९९३ साली सुमारे १० किलोमीटर लांबीचा नवा बोगदा झाला आणि गाड्या डोंगराच्या पोटातून जाऊ लागल्या, त्यामुळे जुन्या लोहमार्गाचा सोडून दिलेला भाग तुम्हाला सायकलवरून उघड्यावर दिसेल. त्याचे दगडी बांधकाम अवश्य थांबून पाहावे.

आपल्याकडे बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. त्या कामावर पटकीने आणि अपघातांनी हजारो मजूर दगावले, आणि आज गाडीतून घाट उतरताना त्यांची आठवण कोणाला होत नाही. नॉर्वेने मात्र एका सामान वाहण्याच्या रस्त्याला मजुरांचेच नाव कायम ठेवले, तो १९७० च्या दशकात सायकलींसाठी खुला केला आणि फिन्से स्थानकाजवळ त्यांच्या जीवनाचे छोटे संग्रहालय उभारले. मुक्काम तिथेच होणार असेल तर ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. निघण्यापूर्वी आपल्या मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयही एकदा निरखून पाहावे, अशी विनंती आहे. सातपुड्यातून छिंदवाड्याकडे जाणारा आपला छोटा लोहमार्ग २०१५ पर्यंत चालू होता, आणि डोंगरातून रेल्वे नेताना वळणे आणि चढ यांचा हिशेब कसा करावा लागतो याची कल्पना तिथली इंजिने पाहून येते.

धंतोलीकर

सातपुडा_चढण यांच्या बहुतेक सूचना मान्य आहेत, परंतु महिन्याविषयी माझे मत वेगळे आहे. रस्ता बर्फातून मोकळा होण्याची वेळ दर वर्षी बदलते. सर्वसाधारणपणे जुलैच्या मध्यानंतर हंगाम सुरू होतो, तरी हालिंग्सकाइडच्या अलीकडील क्लैवाग्येलेच्या अरुंद घळीत त्यानंतरही बर्फ पडून राहू शकतो आणि तिथून सायकल ढकलत किंवा खांद्यावर घेऊन न्यावी लागते. जुलैमध्ये गर्दीही असते. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बर्फ नाहीसा झालेला असतो, पठारावरची खुरटी झुडुपे लाल-पिवळी होतात आणि रस्त्यावर माणसे कमी असतात. ज्यांना शांतपणे सायकल चालवायची आहे त्यांनी तोच काळ निवडावा. त्या दिवसांत रात्री पाणी गोठू शकते आणि काही ठिकाणची खाण्यापिण्याची सोय बंद झालेली असते हे खरे, पण तेवढी तयारी ठेवता येते.

दुसरा मुद्दा मिरडालच्या उताराचा आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मिरडालखाली रस्ता एकामागून एक अशा २१ तीव्र वळणांनी दरीत उतरतो. चढ चढायला लावलेल्या घोड्यांचा विचार वरच्या भागात ठीक आहे, इथे मात्र उतार फारच खडा आहे आणि वर सुटी खडी असते. या टप्प्यात सायकलवरून उतरून चालावे. बरेच अनुभवी लोकही चालतात, त्यात कमीपणा काही नाही. वळणांखेरीज इतर उतारावर दोन्ही ब्रेक थोडे-थोडे दाबत वेग आधीच कमी करावा. पुढचा ब्रेक एकदम दाबला तर खडीत पुढचे चाक घसरते, आणि मागचाच ब्रेक सतत दाबून ठेवला तर तो तापून त्याची पकड कमी होते. भाड्याची सायकल ताब्यात घेतानाच दोन्ही ब्रेक, टायर आणि सीटची उंची तपासावी. खाली दरीत पायी चालणारी माणसे आणि मोकळ्या सोडलेल्या शेळ्या वळणावर अचानक समोर येतात, हेही लक्षात असू द्यावे.

अंबाझरी_प्रभात

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. दोन दिवसांचा बेत आता पक्का केला आहे, आणि मुलीनेही तो मान्य केला. अजनीच्या काकांनी लिहिलेले वाचून तर हा रस्ता माझ्यासाठी आणखी मोलाचा झाला आहे. संग्रहालय नक्की पाहीन.

तीन शंका उरल्या आहेत. दुसऱ्या दिवशी हवा बिघडली आणि पुढे जाणे शक्य नसेल तर मधूनच बाहेर पडता येते का? मिरडालच्या वळणांची मला खरोखर धास्ती वाटते, तर तो भाग टाळून फ्लोमला पोहोचण्याचा मार्ग आहे का? आणि आम्ही दोघीही शाकाहारी आहोत, त्यामुळे इथून काय बांधून न्यावे?

सातपुडा_चढण

ताई, हा मार्ग रेल्वेच्या कुशीतून जातो, आणि म्हणूनच नवख्या माणसाला तो इतर डोंगरी मार्गांपेक्षा सुरक्षित आहे. फिन्से, हालिंग्सकाइड आणि मिरडाल ही तीन स्थानके म्हणजे बाहेर पडण्याची तीन दारे समजावीत. हालिंग्सकाइडला मोजक्याच गाड्या थांबतात, त्यामुळे त्यांच्या वेळा कागदावर लिहून जवळ ठेवाव्यात, मोबाइलवर विसंबू नये. सकाळी फिन्सेला ढग खाली उतरलेले दिसले किंवा वाऱ्याचा जोर असला, तर पुढे न जाण्याचा निर्णय तिथेच घ्यावा. फागरवात्न ओलांडल्यावर परत फिरणे अवघड होते. निवासातले कर्मचारी रस्त्याची त्या दिवसाची स्थिती नीट सांगतात, त्यांचे म्हणणे मानावे.

मिरडालचा उतार टाळता येतो. मिरडालहून फ्लोमला जाणारी स्वतंत्र रेल्वे आहे. ती १९४० मध्ये सुरू झाली. सुमारे २० किलोमीटरच्या अंतरात तिच्यावर २० बोगदे आहेत आणि चढ काही ठिकाणी ५.५ टक्क्यांपर्यंत आहे. साध्या लोहमार्गावर, दात्यांच्या रुळाविना, एवढा चढ जगात फार थोड्या ठिकाणी आढळतो. सायकलसह चढायचे असेल तर गाडीत जागा मर्यादित असते, म्हणून त्या हंगामातले नियम आधी पाहून आरक्षण करावे. तरीही माझे सुचवणे असे की वळणे पायी उतरावीत आणि त्यापुढे दरीतून सायकल चालवावी, कारण खालचा रस्ता बराच सोपा होत जातो. दोन्ही बाजूंच्या सरळसोट कड्यांवरून धबधबे कोसळत असतात, आणि हिमनदीने दरी इंग्रजी यू अक्षरासारखी कशी कोरली आहे हे त्या तळातून जाताना जेवढे समजते तेवढे गाडीच्या खिडकीतून समजत नाही. दरी संपते तिथेच आउरलांड फियॉर्ड सुरू होतो, आणि तो २०० किलोमीटरांहून लांब असलेल्या सोग्ने फियॉर्डची शाखा आहे. त्याच दरीचा पुढचा भाग समुद्राने भरला आहे, एवढाच फरक.

खाण्याविषयी: फिन्से सोडल्यावर मिरडालपर्यंत दुकान नाही, म्हणून दिवसभराचे अन्न आणि जास्तीचे एक वेळचे जवळ असावे. तिखट-मिठाच्या पुऱ्या, चिवडा, गूळ-शेंगदाण्याचे लाडू उत्तम टिकतात. तुपातले लाडू किंवा पेढे मात्र नेऊ नयेत, कारण युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. फिन्सेला मुक्कामाचे आरक्षण करतानाच शाकाहारी जेवण हवे असल्याचे लेखी कळवावे.

धंतोलीकरांच्या सप्टेंबरविषयी एवढेच म्हणेन की ते अनुभवी माणसासाठी योग्य आहे. तुम्ही पहिल्यांदाच जात आहात, त्यामुळे दिवस मोठा असलेला ऑगस्टचा मध्य मला अधिक सोयीचा वाटतो. त्या वेळी रस्ता सहसा मोकळा झालेला असतो आणि सर्व सोयी चालू असतात. आरक्षणाचा क्रम मात्र चुकवू नये. आधी फिन्सेचा मुक्काम, त्या तारखेला जुळणाऱ्या भाड्याच्या सायकली, मग ऑस्लोहून हाउगास्टोलची गाडी, आणि शेवटी विमानाचे तिकीट. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो, तो जानेवारी संपल्यावर लगेच हाती घ्यावा. चिखलदऱ्याच्या सरावासाठी डिसेंबरमध्ये आमचा गट परतवाड्याहून निघणार आहे. आपण येणार असाल तर इथेच कळवावे, म्हणजे उतरण्याचा सराव आपण सगळे मिळून करू.